शेळीचं दुसरं शिंग

काम म्हणाल तर पानभर लिहायचं होतं. मुख्याध्यापिका, शाळेत सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत, त्या जिन्यात इतिहासाच्या सरांना भेटल्या, हातातलं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "पाचवीच्या वर्गासाठी हे घ्यावं का, एवढं सांगा. मुलांपुढे ठेवून बघा आणि पानभर अभिप्राय लिहा. जास्त नको."

यातलं 'जास्त नको' सरांपर्यंत पोचलंच नाही. एक तर जिन्यात मुलांचा गलका होता आणि दुसरं म्हणजे सरांचे कान 'अभिप्राय' या शब्दापाशीच थांबले होते. इतकी वर्षं त्या शाळेत इतिहास शिकवला, पण त्यांना आजवर कुणी कशावर अभिप्राय विचारला नव्हता. वेळापत्रकावर नाही, पंख्यांवर नाही, सहलीच्या बसवर तर नाहीच. त्यातून पर्यवेक्षकांची जागा लवकरच रिकामी होणार होती. पर्यवेक्षकांना व्हरांड्याच्या टोकाला अर्ध्या दाराची स्वतंत्र खोली मिळते. बाहेरून नुसते पाय दिसतात आणि आत साहेब काय करतायत ते कुणाला कळत नाही. सरांनी ते पुस्तक छातीशी धरलं आणि उरलेला जिना जरा सावकाश चढले.

मुलं त्यांना पुरावे सर म्हणत. कुणीही काहीही सांगितलं की सर विचारत, "पुरावा काय?" एकदा एका मुलाने पोट दुखतंय म्हटल्यावरही त्यांनी हेच विचारलं होतं आणि त्या मुलाने तिथल्या तिथे पुरावा दिला होता. ती हकिगत शाळेत अजून सांगतात. घरी बायकोपुढे मात्र हा प्रश्न चालत नसे. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची आणि नळाला पाणी आलं नाही याचा पुरावा मागायचा काय परिणाम होतो हे तिला अनुभवाने माहीत होतं.

पुस्तक देखणं होतं. जुन्या काळातलं एक तटबंदीचं शहर, त्याला पडलेला वेढा, वेशीच्या राखणदाराची मुलगी आणि तिची शेळी, अशी ती गोष्ट. प्रत्येक पानावर वर मोठं रंगीत चित्र आणि खाली चार ओळी मजकूर. सरांनी त्या संध्याकाळी भिंग काढलं, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि कामाला लागले. थोड्याच वेळात राखणदाराच्या अंगरख्याला बटणं सापडली. त्या काळी बटणं नव्हती, बांधायचे बंद होते. सरांना जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. मग एका खिडकीला काच सापडली. मग शिपायाच्या बुटाला नाडी.

सरांनी गोष्ट वाचली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी ती तपासली. वाचताना माणूस पुढे जातो, तपासताना मागे जातो, एवढाच काय तो फरक. जेवायची ताटं मांडेपर्यंत सर पहिल्या पानाच्याही मागे, मुखपृष्ठावर जाऊन पोचले होते.

"कसं आहे पुस्तक?" बायकोने विचारलं.

"भयंकर," सर समाधानाने म्हणाले.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी हयातभर पूल बांधले होते आणि निवृत्तीनंतर बांधायला काही न उरल्यामुळे ते इतरांच्या गोष्टींत लक्ष घालत. त्यांनी पुस्तक उघडलं, खंदकावरच्या लाकडी पुलाचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. हा पूल घोडदळ सोडा, एक लठ्ठ माणूससुद्धा पेलणार नाही, असं त्यांचं मत पडलं. नुसतं मत पडून थांबलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठा, सुतळी आणि डिंक घेऊन आले आणि सरांच्या जेवणाच्या टेबलावर त्या पुलाची प्रतिकृती उभी करायला लागले. त्यांच्या स्वतःच्या घरी टेबल होतं, पण त्यावर त्यांच्या सौभाग्यवतींचा शब्द चालत असे. सरांचं कुटुंब मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलं. पूल दर संध्याकाळी पडायचा आणि इंजिनिअर दर संध्याकाळी म्हणायचे, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

समोरच्या दारातल्या वकीलबाईंनी वेगळाच सल्ला दिला. त्यांचं म्हणणं, अभिप्रायात 'चूक' हा शब्द कुठेही येता कामा नये. 'प्रथमदर्शनी विसंगती' म्हणावं आणि प्रत्येक वाक्याआधी 'माझ्या मर्यादित माहितीनुसार' असं जोडावं, म्हणजे उद्या प्रकाशकाने नोटीस पाठवली तर बचाव राहतो. सरांना नोटिशीची भीती वाटली नाही, पण 'मर्यादित' हा शब्द लागला. दोन दिवस ते वकीलबाईंशी जिन्यात नुसतं मान हलवून बोलले. मग त्यांनी तो शब्द घातला, पण लहान अक्षरात.

आता राहिला वर्गातला प्रयोग. पुस्तक एकच आणि वर्ग भरलेला. सरांनी ठरवलं की झेरॉक्स काढायच्या. झेरॉक्सच्या मशीनची किल्ली कारकुनाकडे आणि कारकुनाला मोठ्या बाईंची सही लागे. मोठ्या बाई बैठकीला गेल्या होत्या, त्यामुळे कारकुनाने आपल्या अधिकारात येईल तेवढी परवानगी दिली. मजकुराला शाई फार लागते असा त्याचा पक्का समज होता. तेव्हा खालचा मजकूर कापून फक्त वरची चित्रं काढावीत असं ठरलं. सरांची याला हरकत नव्हती. पुरावा चित्रातच होता. अख्खं पुस्तक त्यांनी तासाच्या आदल्या दिवशीच वर्गाच्या बिनकुलपाच्या कपाटात ठेवून दिलं.

तास रंगला, हे मान्य करायला हवं. सरांनी वर्गाचे गट पाडले: कपडे गट, इमारत गट, शस्त्र गट आणि उरलेल्या मुलांचा प्राणी गट. एरवी इतिहासाच्या तासाला डुलक्या घेणारी मुलं त्या दिवशी चित्रांवर अशी वाकली होती की फळ्यापासून पाहिलं तर नुसती डोकी दिसत. बटणं सापडली. काच सापडली. कपडे गटाने एका म्हातारीच्या शालीचा रंग तीनदा बदलतो हे दाखवून दिलं. आणि मग ज्यांच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती त्या प्राणी गटाने दिवस गाजवला. सुरुवातीच्या चित्रांत शेळीला दोन शिंगं होती, शेवटच्या चित्रांत एकच.

सरांनी चित्रं ओढून स्वतः शिंगं मोजली. भिंग लावूनही हे त्यांना दिसलं नव्हतं. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्गाने वाजवल्या, आणि सर म्हणाले, "ज्याला शेळीची शिंगं मोजता येत नाहीत तो आपल्याला इतिहास काय दाखवणार?"

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला होता. ती मुलगी इतकं हळू बोलायची की वर्गाने तिचं नाव कुजबूज ठेवलं होतं. "सर, ती शेळी..." एवढं ऐकू आलं. पुढचं तिच्या शेजारणीला ऐकू आलं असेल. तेवढ्यात घंटा झाली.

त्यानंतर बरेच दिवस शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर शेळीच असे. सर रोज ती नव्याने सांगत. कवायतीचे सर हसत, भाषेच्या बाई वह्या तपासता तपासता हं म्हणत. रोज शाळेच्या फलकावर सुविचाराखाली फुलांची वेल काढणाऱ्या चित्रकलेच्या बाई खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोक काढत असत. त्या फारशा बोलत नसत. पण शेळीचा विषय निघाला की त्यांचं टोक काढणं थांबायचं. एकदा त्यांनी विचारलं, "आणखी काय काय दिसलं तुम्हाला?" असं विचारणारं माणूस सरांना क्वचितच मिळे. त्यांनी बुटाच्या नाडीपासून सुरुवात केली आणि पुढचा तास सुरू होईपर्यंत सांगत राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण पाचवीच्या मुलांना आता चटक लागली होती. एका मुलाचे आजोबा तरुणपणी पुरात नदी पोहून गेल्याची गोष्ट सांगत असत. नातवाने पुरावा मागितला. आजोबांना राग आला, ते तडक पोहण्याच्या तलावावर गेले, अर्ध्यात धाप लागून काठाला आले आणि आठवडाभर शिंकत अंथरुणावर पडले. एका मुलीने मावशीच्या लग्नाच्या अल्बममध्ये कानातले डूल बदललेले दाखवून दिले. दुसरे डूल कुणी दिले होते हा प्रश्न त्या घरात तोवर कुणी काढला नव्हता. तिसऱ्या एकाने दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून भिंतीवरच्या तक्त्यातले दात मोजले आणि तोंड मिटता आल्यावर आकडा सांगितला. डॉक्टरांनी तक्ता उतरवला, पण फी जास्त घेतली.

पालक शाळेत यायला लागले. मोठ्या बाईंनी सरांना बोलावलं आणि अभिप्रायाचं काय झालं म्हणून विचारलं. तो तोवर पानभर राहिला नव्हता. त्याला विभाग पडले होते, परिशिष्टं होती, आणि इंजिनिअरांची पुलाविषयीची आकडेमोड वेगळ्या पुठ्ठ्यात बांधून जोडली होती. बाईंनी ते बाड हातात तोललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवायला गेल्या. ते ड्रॉवरमध्ये मावलं नाही.

आणि मग तसबिरीचं प्रकरण झालं. शाळेच्या सभागृहात संस्थापकांची मोठी तसबीर होती. संस्थापक उभे, हातात पुस्तक, मागे शाळेची इमारत. वर्षानुवर्षं मुलं तिच्याखालून रांगेने जात होती. पाचवीच्या इमारत गटाला मात्र असं दिसलं की संस्थापकांच्या मागच्या इमारतीला तिसरा मजला आहे. तिसरा मजला तर ही मुलं दुसरीत असताना बांधला. त्याची वाळू त्यांनी स्वतः उधळली होती. संस्थापक जाऊन त्याला जमाना झाला होता. मुलांनी रीतसर अर्ज केला, पुरावा म्हणून दुसरीतल्या वर्गाचा फोटो जोडला, आणि संस्थापक त्या मजल्यासमोर उभे राहूच शकत नाहीत असं शाळेच्या अध्यक्षांना कळवलं.

अध्यक्ष संस्थापकांचे नातू होते. तिसरा मजला त्यांनीच बांधला होता आणि तो तसबिरीत रंगवून घ्यायची कल्पनाही त्यांचीच होती. आजोबांना मजला बघायला मिळाला नाही याची त्यांना खरोखरच खंत होती. त्यांनी अर्ज वाचला आणि सरांना भेटायला बोलावलं. त्या भेटीत ते आवाज न चढवता बोलले, खुर्चीही दिली. फक्त निघताना म्हणाले, "पर्यवेक्षक म्हणून माणूस कसा, समजूतदार हवा." सर घरी आले आणि बायकोला म्हणाले की हा उघड उघड अपमान आहे. बायको म्हणाली, "तुम्ही समजूतदार नाही असं कुठं म्हणाले ते?" सरांनी पुरावा शोधून पाहिला. खरंच म्हणाले नव्हते. त्यामुळे जास्तच लागलं.

मोठ्या बाईंना आता ते बाड शाळेतून बाहेर गेलेलं हवं होतं. त्यांनी ते शिक्षण कचेरीत पाठवलं. कचेरीने शेरा मारून परत पाठवलं की सदर पुस्तक 'गोष्ट' या सदरात येत असल्याने इतिहास शिक्षकाचा अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही. बाईंनी ते भाषेच्या बाईंकडे दिलं. भाषेच्या बाई म्हणाल्या, अर्ध्याहून जास्त पान चित्रांनी भरलंय, हे काम चित्रकलेचं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मला यावर काही लिहिता येणार नाही." का, ते सांगितलं नाही, आणि त्या सहसा कशाला नाही म्हणत नसल्यामुळे मोठ्या बाईंनाही पुढे विचारता आलं नाही. बाड पुन्हा कचेरीत गेलं. कचेरीतल्या साहेबांनी या सगळ्याला कंटाळून कळवलं की आपण स्वतः येऊन पाठ बघू आणि जागेवर निर्णय देऊ. अध्यक्षांनीही येतो म्हणून निरोप पाठवला.

सरांना ही संधी वाटली. एकदा साहेबांनी वर्गाची तयारी पाहिली की अध्यक्षही वरमतील आणि अर्ध्या दाराची खोली फार लांब राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला. इंजिनिअर पुलाची प्रतिकृती घेऊन यायला निघाले होते, त्यांना सरांच्या बायकोने जिन्यात चहाला थांबवलं. तिचे हे उपकार सरांना बऱ्याच उशिरा कळले.

वर्गात मागे खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, अध्यक्ष, मोठ्या बाई, आणि मोठ्या बाईंनी बोलावलं म्हणून चित्रकलेच्या बाई. पाठ ठरल्याप्रमाणे चालला. कपडे गटाने बटणं दाखवली, इमारत गटाने काच दाखवली. तसबिरीविषयी काही बोलायचं नाही असं त्यांना बजावलं होतं, त्यामुळे ती मुलं सारखी अध्यक्षांकडे बघत होती. साहेब लिहून घेत होते. शेवटी सरांनी शेळीची दोन मोठी केलेली चित्रं फळ्यावर लावली.

"इथे दोन शिंगं, इथे एक. यावरून काय दिसतं?"

"निष्काळजीपणा," वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा हात वर गेला. सरांनी तो न पाहिल्यासारखं केलं असतं, पण तो साहेबांच्या अगदी नाकासमोर होता.

"या मुलीला काहीतरी म्हणायचंय," साहेब म्हणाले.

कुजबूज उभी राहिली. पाहुणे असल्यामुळे वर्गात एरवी नसते अशी शांतता होती आणि तिचा आवाज प्रथमच सगळ्यांना ऐकू आला.

"सर, तिचं शिंग मोडलंय. वेशीच्या दारात अडकून. मग त्या मुलीने ते आतून पोखरलं आणि त्याचं फुंकायचं शिंग केलं. पहाऱ्यावरची माणसं झोपलेली असतात ना, ती त्या शिंगामुळेच जागी होतात. म्हणून ती शेळी नंतर एकशिंगी आहे."

सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुरावा काय?"

ती कपाटापाशी गेली, पुस्तक काढलं आणि पान उघडून सरांच्या टेबलावर ठेवलं. चित्राच्या बरोबर खाली, झेरॉक्समध्ये कापली गेली होती त्या जागी, शिंग मोडल्याचं चार ओळींत स्वच्छ लिहिलं होतं. सरांनी त्या ओळी उभ्यानेच वाचल्या. मग परत वाचल्या. शिक्षकाला उत्तर येत नाही हे मुलांनी अनेकदा पाहिलं होतं, पण त्याचा कोट इस्त्रीचा असताना पाहिलं नव्हतं.

साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी घसा साफ केला आणि हसून म्हणाले, "वा. म्हणजे सरांनी मुद्दामच चुकीचं सांगितलं, मुलं बोट ठेवतात का ते बघायला. नवी पद्धत आहे ही. हो ना, सर?"

दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. मोठ्या बाई सरांकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे सांगत होते, हलवा. अध्यक्षसुद्धा पुढे झुकले होते. सरांनी पुस्तकाकडे पाहिलं, फळ्यावरच्या शेळीकडे पाहिलं. ती दोन्ही चित्रांत त्यांच्याकडेच बघत होती.

"नाही," सर म्हणाले. "मी ते पान वाचलं नव्हतं. चित्रं पाहिली होती आणि मजकूर चाळला होता. मुलांना तर मी मजकूर दिलाच नाही."

साहेबांचं पेन थांबलं.

"तू वाच," सर कुजबुजीला म्हणाले. "पहिल्या पानापासून."

ती वाचायला लागली. हळू वाचत होती, म्हणून पुढच्या बाकावरची मुलं मागे सरकली, मग बाक सोडून तिच्याभोवती जमिनीवर येऊन बसली. प्राणी गट सगळ्यात पुढे. बटणांचं पान आलं तेव्हा कुणी बटणांचं नाव काढलं नाही. वेशीच्या दारात शिंग मोडलं तेव्हा शस्त्र गटातल्या एका दांडग्या मुलाने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. साहेबांना पुढे आणखी एका शाळेत जायचं होतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि दारात हात मागे बांधून उभे राहिले. घंटा होऊनही ते तिथेच होते. अध्यक्षांनी मोठ्या बाईंच्या कानात काहीतरी विचारलं. मोठ्या बाईंना वाटलं सरांविषयी असेल. पण अध्यक्षांनी विचारलं होतं, शत्रू आत शिरतो का.

पुस्तक मंजूर झालं. सरांच्या अभिप्रायावर साहेबांनी 'पाहिले' असा शेरा मारला. यापेक्षा 'नापसंत' परवडलं असतं असं सरांना वाटलं. पर्यवेक्षकांची जागा कवायतीच्या सरांना मिळाली. अध्यक्षांनी तसबिरीखाली एक छोटी पट्टी लावून घेतली: 'तिसरा मजला कल्पनेने दाखवला आहे.' इमारत गटाने ती तपासली आणि समाधान व्यक्त केलं.

सरांनी पुस्तक घरी आणलं आणि भिंग न घेता सोफ्यावर बसून वाचलं. मध्येच इंजिनिअर आले. त्यांना सुतळीचा नवा प्रकार करून बघायचा होता. सरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि वाचत राहिले. इंजिनिअर अवघडून बसून राहिले. शेवटी सर म्हणाले, "पूल पडतो."

"मी म्हटलं नव्हतं?"

"शत्रू वर आल्यावर पडतो. राखणदाराने तो पडावा म्हणूनच तसा बांधलाय."

इंजिनिअरांनी बोटांवर काहीतरी आकडेमोड केली. मग टेबलावरची प्रतिकृती अलगद उचलून म्हणाले, "मग बरोबर बांधलाय," आणि घरी गेले. त्या दिवसापासून सरांचं कुटुंब पुन्हा टेबलावर जेवू लागलं.

पुस्तक संपवून सर मागे टेकले, आणि मग त्यांच्या मनात एक गोष्ट आली. ते पुन्हा पानं उलटायला लागले. बायको म्हणाली, "आता काय शोधताय?" या वेळी ते चूक शोधत नव्हते. राखणदाराची मुलगी अख्ख्या पुस्तकात पाठमोरीच होती. धावताना पाठमोरी, शेळीला कवटाळताना पाठमोरी, तटावर शिंग फुंकतानाही पाठमोरी. फक्त शेवटच्या चित्रात ती वळून बघते. त्या चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही होती. नाव अनोळखी होतं, पण त्या सहीचं पहिलं अक्षर ज्या झोकात वळलं होतं ते वळण सर रोज शाळेच्या फलकावर बघत होते. सुविचाराच्या खाली, फुलांच्या वेलीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाई नेहमीसारख्या खिडकीपाशी होत्या. सर पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. त्यात 'प्रथमदर्शनी' हा शब्दही होता. पण आयत्या वेळी ते नुसतं म्हणाले, "हे नाव तुमचं लग्नाआधीचं का?"

बाईंनी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत? मी रोज इथे बसून..."

"बटणं माझी चूकच होती," बाई म्हणाल्या. "काच पण. नाडीचं तर मला माहीतही नव्हतं. ते तुम्ही लिहिलंय ते राहू द्या."

"आणि शेळी?"

"शेळीचं पहिल्या दिवशी लागलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. "नंतर ऐकत बसायची सवय झाली. माझी चित्रं एवढी निरखून बघणारं माणूस मला दुसरं कुणी भेटलेलं नाही."

सरांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. चहा आला होता, तो त्यांनी बाजूला सारला. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"एक विचारायचं होतं. ही मुलगी इथपर्यंत एकदाही तोंड दाखवत नाही. ते का?"

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"पुस्तक छापून झाल्यापासून मी वाट बघतेय," त्या म्हणाल्या, "हे कुणीतरी विचारेल म्हणून."

आणि त्या सांगायला लागल्या. शाळेत कधी फारशा न बोलणाऱ्या बाई पहिल्या पानापासून, एकेका चित्रावर बोट ठेवत सांगत होत्या आणि सर मध्ये एकदाही पुरावा न मागता ऐकत होते. घंटा झाली. खोली रिकामी झाली. नवे पर्यवेक्षक गळ्यात शिट्टी घालून दारात येऊन उभे राहिले. सर, तुमचा पाचवीवर तास आहे, असं त्यांनी आधी नुसतं सांगितलं आणि मग शिट्टी वाजवून सांगितलं. नोकरीत कधीही तासाला उशीर न झालेल्या सरांनी त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं आणि पान उलटलं.